नळीखालची कातडी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



आमच्या चिटणीसबाईंनी मला आरोग्यावर चार शब्द बोलायला सांगितले आहे. मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. डॉक्टर नाही की नर्स नाही. घरातली दुखणीखुपणी काढली, हेच माझे शिक्षण. म्हणून ज्या एका गोष्टीशी माझी प्रत्यक्ष गाठ पडली, तेवढीच मी आज सांगणार आहे. त्यातले आकडे, साले आणि डॉक्टरी कारणे माझ्या भाचीने मला समजावून दिली. ती नर्सिंगचा अभ्यास पुरा करून आता नोकरीला लागली आहे.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला, माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पुस्तकात त्यांना शय्याव्रण म्हणतात, बोलताना आपण बेडसोअर म्हणतो. त्यासाठी रुग्णाची कूस बदलायची, हवेची गादी घालायची, हेही आता घरोघर माहीत झाले आहे. पण याच जातीची आणखी एक जखम असते आणि तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती नाकाच्या दांडीवर होते, कानामागे होते, ओठाच्या कोपऱ्यात होते, बोटाच्या टोकाला होते. ती गादीमुळे होत नाही. रुग्णाला जगवण्यासाठी लावलेल्या मास्कने, नळीने, पट्ट्याने होते. अतिदक्षता विभागात, म्हणजे ज्याला आपण आयसीयू म्हणतो तेथे, ती विशेष होते.

ही जखम कशी होते ते समजायला मोठ्या पुस्तकाची गरज नाही. आपण बायका रोज परकराची नाडी बांधतो. संध्याकाळी कमरेला तिचा वळ उमटलेला असतो. पुरुष मंडळींनी आपला कमरेचा पट्टा आठवावा. नाडी काचायला लागली की आपण काय करतो? हात घालून जरा सैल करतो, किंवा गाठ दुसरीकडे सरकवतो. काचते हे आपल्याला कळते, आणि सोडवायला आपले हात मोकळे असतात, म्हणून जखम होत नाही. आता असा माणूस डोळ्यांपुढे आणा की ज्याला झोपेचे औषध दिले आहे, तोंडात नळी असल्याने बोलता येत नाही, आणि नळ्या ओढू नयेत म्हणून कधी कधी हातही बांधलेले आहेत. त्याला काचत असले तरी तो सांगणार कोणाला?

दाब पडला की त्या जागेच्या बारीक रक्तवाहिन्या चेपतात आणि तेथे रक्त पोहोचत नाही. थोड्या वेळाने दाब गेला तर कातडी सावरते. दाब तसाच राहिला तर ती आतून मरू लागते. नाकाची दांडी आणि कान या जागा तर फार नाजूक. तेथे कातडीखाली मांस नाही, चरबी नाही, लगेच हाड किंवा कूर्चा. त्यात आजारी माणसाच्या अंगावर सूज येते. सकाळी बरोबर बसलेला पट्टा रात्री घट्ट होतो आणि पट्टा तर कोणी आवळलेला नसतो! मास्कखाली घाम आणि वाफ साचते, तोंडातल्या नळीपाशी लाळ साचते, त्याने कातडी भिजून पोचट होते. रक्तदाब फार उतरला म्हणजे तो चढवायला जी औषधे देतात, त्यांनी हातापायांच्या बोटांकडे जाणारे रक्तही कमी होते. अशा बोटाला चिमटा लागून राहिला तर काय होईल, ते तुम्हीच ओळखा.

२०२० सालची एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. कोरोनाच्या साथीत डॉक्टर आणि परिचारिकांचे फोटो वर्तमानपत्रांत येत होते. तासन्‌तास मास्क आणि चष्मे लावून त्यांच्या नाकावर आणि गालांवर खोल वळ उठले होते, काहींच्या तर जखमा झाल्या होत्या. ती सारी धडधाकट, तरणीताठी माणसे. काम संपल्यावर त्यांना मास्क काढता तरी येत होता. रुग्णाचा मास्क दिवसदिवस तसाच राहतो.

आता आमच्या घरची गोष्ट सांगते. २०२२ च्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना न्यूमोनिया झाला. वय बाहत्तर. गावच्या डॉक्टरांनी शहरात हलवायला सांगितले. तेथे आयसीयूत त्यांना श्वासासाठी तोंडानाकावर बसणारा घट्ट मास्क लावला. पट्टे डोक्यामागून आवळलेले. मास्कच्या कडेने हवा सुटली की यंत्र ओरडायचे, म्हणून तो घट्टच ठेवावा लागे. आम्हाला दिवसातून दोनदा, दहा दहा मिनिटे, एकेकाला आत सोडत. आत गेले की आपली नजर त्या पडद्यावरच्या आकड्यांकडे लागते. सगळ्यांचीच लागते.

चौथ्या दिवशी घोटभर पाणी द्यायला मास्क काढला, तेव्हा नाकाच्या दांडीवर गव्हाच्या दाण्याएवढा काळा डाग दिसला. तो डाग नव्हता, मेलेली कातडी होती. माझे धाकटे दीर संतापले. "इतके पैसे भरून आईचे नाक सडवायला आणले का आम्ही?" असे ते मोठ्याने बोलले. तेथल्या मुख्य सिस्टर पोक्त बाई होत्या. त्यांनी काही लपवले नाही. त्या म्हणाल्या, "भाऊ, मास्क सैल ठेवला असता तर आजींचा श्वास सांभाळता आला नसता. पण मास्क उचलून खाली पाहायला हवे होते, ते राहून गेले. ते राहायला नको होते." मला त्या बाईंचे बोलणे पटले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मास्कने जीव वाचला हे खरे आणि जखम टाळता आली असती हेही खरे.

त्या दिवसापासून त्यांनी नाकावर मऊ फोमची पातळ पट्टी लावली. दर चार तासांनी दोघी सिस्टर मिळून मास्क क्षणभर उचलून कातडी पाहू लागल्या. जरा बरे वाटू लागल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने काही वेळ मास्कऐवजी नाकातल्या नळीने प्राणवायू दिला. बाराव्या दिवशी सासूबाई घरी आल्या. पण नाकावरची जखम भरायला दोन महिने लागले. एवढीशी जखम, तिचे काय मोठेसे, असे कोणाला वाटेल. परंतु ती नेमकी चष्मा बसतो त्या जागी होती. श्रावण लागला आणि त्यांना पोथी वाचता येईना. मग मी वाचायची आणि त्या ऐकायच्या. माझ्या सातवीचा तेवढा उपयोग झाला! पण दुसऱ्याकडून ऐकताना त्यांचे समाधान होत नसे. आज त्या ठणठणीत आहेत, नाकावर मात्र खळगी राहिली आहे.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी २,०७९ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ११३ जणांना इस्पितळात आल्यानंतर दाबाच्या जखमा झाल्या होत्या. त्या ११३ पैकी ३९ जणांच्या जखमा अंगाला लावलेल्या उपकरणांमुळे झाल्या होत्या. म्हणजे दर तिघांत एक. अंगाला उपकरण लावलेले असेल तर दाबाची जखम होण्याचा संभव जवळजवळ अडीचपट वाढतो, असेही त्या पाहणीत आढळले. पुढे २०१६ साली तेथल्या तज्ज्ञांच्या मंडळाने या दुखण्याचे नावच बदलले. पूर्वी ते व्रण म्हणत, आता इजा म्हणतात. कारण असे की कातडी फाटण्याच्या आधीच आत इजा झालेली असते. मला हे फार महत्त्वाचे वाटते. रक्त दिसेपर्यंत थांबलो तर उशीर झालेला असतो.

मग कोठे पाहावे? प्राणवायूची नळी असेल तर कानांच्या मागे आणि नाकपुड्यांच्या कडेला. मास्क असेल तर नाकाची दांडी, गाल आणि हनुवटी. तोंडातून श्वासाची नळी घातली असेल तर ओठांचे कोपरे आणि जीभ. नाकातून अन्नाची नळी असेल तर ती नाकपुडीला वर ओढून चिकटवलेली नाही ना ते. गळ्याला भोक पाडून नळी बसवली असेल तर मानेभोवतीच्या बंदाखाली. बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा असेल तर त्या बोटाच्या टोकाला. मानेला कॉलर असेल तर हनुवटी, डोक्याची मागची बाजू आणि गळ्याजवळची हाडे. पायांत घट्ट मोजे असतील तर टाचा आणि नडगी. लघवीची नळी असेल तर ती मांडीखाली दबलेली नाही ना. आणखी एक जागा म्हणजे रुग्णाच्या अंगाखाली. वायरी, सलाईनची नळी, सुईचे टोपण, असले काही पाठीखाली राहिले तर तेही रुतते.

काही जखमा बाहेरून दिसतच नाहीत. श्वासनळीत घातलेल्या नळीला टोकाजवळ एक लहानसा फुगा असतो. त्यातला दाब साधारण २० ते ३० सेंटिमीटर पाण्याइतका राखतात. कमी झाला तर लाळ फुप्फुसात उतरते, जास्त झाला तर श्वासनळीच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. तो मोजायचे उपकरण असते आणि ते काम सिस्टरांचेच. आपल्याला एवढे कळले तरी पुष्कळ की त्यांचे काम किती डोळ्यांत तेल घालून करायचे असते.

आता रंगाचे सांगते. पुस्तकात लिहिलेले असते की कातडी लाल होते, आणि बोटाने दाबले तरी तो लालपणा जात नाही, ती पहिली खूण. गोऱ्या माणसाचे ते ठीक आहे. आपल्या सावळ्या, काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. म्हणून आपल्याकडे रंगावर भिस्त ठेवू नये. आसपासच्या कातडीपेक्षा ती जागा अधिक काळपट किंवा जांभळट दिसते का, हाताला गरम किंवा थंड लागते का, कडक किंवा भिजलेल्या पापडासारखी मऊ लागते का, तेथे हात लावल्यावर रुग्ण कण्हतो का, हे पाहावे. उजेड चांगला असावा. नाकाची उजवी बाजू डावीशी ताडून पाहिली, एक कान दुसऱ्याशी ताडला, म्हणजे फरक लवकर ध्यानात येतो.

येथे मला सर्वांत निकराने जे सांगायचे आहे ते सांगते. आयसीयूत आपण स्वतः काहीही सैल करायचे नाही, सरकवायचे नाही, काढायचे नाही. श्वासाची नळी बोटभर सरकली तरी जिवावर बेतते. आपले काम पाहायचे आणि विचारायचे. माझ्या भाचीने मला तीन प्रश्न शिकवले. पहिला, "सिस्टर, आज मास्कच्या खालची कातडी पाहिली का?" दुसरा, "ही नळी जरा दुसऱ्या बाजूला घेता येईल का, किंवा खाली मऊ पट्टी लावता येईल का?" आणि तिसरा प्रश्न डॉक्टरांना, "ही नळी अजून लागते आहे का?" जी नळी गरज संपताच निघते, ती काचत नाही. तज्ज्ञांचे सांगणे आहे की उपकरणाखालची कातडी दिवसातून निदान दोनदा पाहावी, आणि अंगावर सूज असेल तर त्याहून अधिक वेळा. तेव्हा आपण काही जगावेगळे मागत नाही.

विचारण्याची रीत मात्र सांभाळावी. एका सिस्टरकडे दोन दोन, तीन तीन गंभीर रुग्ण असतात. दरडावून विचारले की माणूस कातावतो. "तुमचे लक्ष नाही" असे म्हणण्याऐवजी "आमच्या आईंची कातडी फार पातळ आहे, जरा पाहाल का?" असे म्हटले तर काम होते. शिवाय काही गोष्टी घरच्यांनाच माहीत असतात. चिकटपट्टीने फोड येतात, मधुमेह आहे, कवळी आहे, कानाला पूर्वी जखम झाली होती, हे आपण पहिल्याच दिवशी सांगावे. ती माहिती कोणत्याही यंत्राच्या पडद्यावर उमटत नाही.

असे विचारल्याने काय होते, तेही सांगते. २०२४ साली माझ्या भावाला मोटारसायकलचा अपघात झाला. मानेला कॉलर होती. भावजय घाबरून गेली होती, तिला बोलणे सुचेना. दुसऱ्या दिवशी मी आत गेले तेव्हा तेथल्या सिस्टरांना हनुवटीखालची कातडी पाहण्याविषयी विचारले. त्यांनी एकीला मान धरायला बोलावले, दुसरीने कॉलर उघडली. हनुवटीखाली घामाने भिजून काळसर पट्टा आला होता, कातडी शाबूत होती. त्यांनी ती जागा पुसून कोरडी केली, कॉलरचा आतला ओला अस्तर-पट्टा बदलला आणि कॉलर मापाने पुन्हा बसवली. चार दिवसांत ती खूण गेली. दोन माणसे आणि दहा मिनिटे, एवढाच त्याचा खर्च. सासूबाईंच्या नाकाला दोन महिने लागले होते.

भगिनींनो, आता ही यंत्रे आयसीयूतच राहतात असे नाही. आपल्याच आळीत प्राणवायूचे यंत्र, लघवीची नळी, नाकातली अन्नाची नळी घेऊन माणसे घरी येतात, आणि सिस्टरचे काम आपल्याला करावे लागते. म्हणून घरच्यासाठी चार गोष्टी.

प्राणवायूची नळी कानामागे काचते. तेथे सुती कापडाची किंवा गॉजची मऊ घडी ठेवावी. हनुवटीखालची सरकती गाठ घशाशी आवळू नये, खाली दोन बोटे जातील इतकी सैल असावी. प्राणवायू चालू असताना नाकाला व्हॅसलीन किंवा तेलकट मलम लावू नये, ते पेट घेण्याचे भय असते. पाण्यात विरघळणारे मलम डॉक्टरांना विचारून घ्यावे. मऊ घडी जाडजूड करू नये. मास्कखाली जाड कापड कोंबले तर मास्क आणखी घट्ट होतो आणि दाब उलट वाढतो. चपलेत जाड मोजा घातल्यासारखेच ते आहे. बोटाचा चिमटा काही तासांनी दुसऱ्या बोटाला लावावा. नाकातल्या नळीची चिकटपट्टी ओली झाली की बदलावी, पण नळी आत किंवा बाहेर सरकू देऊ नये. आणि मुलाच्या हाताला प्लास्टर असून ते एकाच जागी दुखते म्हणून रडत असेल, तर हट्ट समजून गप्प करू नये. त्याच दिवशी दाखवावे.

आपल्याकडे जुन्या काही समजुती आहेत. लाल झालेल्या जागेवर तेल लावून चोळायचे, स्पिरिट लावायचे, किंवा डोक्याखाली, माकडहाडाखाली कापडाची चुंबळ करून ठेवायची. आपल्या आयाआज्यांनी मायेने केले, त्यांना नाव ठेवायचे नाही. पण आता कळले आहे की इजा झालेली जागा चोळली तर आतली इजा वाढते, स्पिरिटने कातडी कोरडी पडून तडकते, आणि चुंबळीच्या कडेचा दाब गोल फिरून मधल्या जागेचे रक्त अडवतो. चुंबळ हंड्याखालीच बरी. जखम झालीच तर हळद, राख, टूथपेस्ट काही लावू नये. दाब काढावा आणि दाखवावे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळाच्या कपाटात वॉकर, चाकांची खुर्ची आणि प्राणवायूचे यंत्र आहे. लागेल त्याला आपण ते वापरायला देतो आणि वहीत नाव लिहून घेतो. यापुढे प्राणवायूचे यंत्र देताना बरोबर धुतलेल्या मऊ सुती कापडाच्या चार घड्या द्याव्यात. त्या शिवायचे काम मी घेते. ज्या घरी यंत्र जाईल त्या घरी आपल्यापैकी एकीने तिसऱ्या दिवशी जाऊन रुग्णाचे कान आणि नाक पाहून यावे. वहीत त्यासाठी एक रकाना आखावा. आणि ज्यांचे माणूस आयसीयूत असेल त्यांना ते तीन प्रश्न कागदावर लिहून द्यावेत. संकटात माणसाला शब्द सुचत नाहीत, कागद असला म्हणजे वाचता तरी येतो.

अध्यक्षाबाईंनी या सूचनेचा विचार करावा, अशी विनंती करते.